एडसेलचं तोंड आणि मॅक्नमारांचा चष्मा

मोटारींच्या इतिहासात एडसेलइतकी टिंगल क्वचितच कुठल्या गाडीच्या वाट्याला आली असेल. फोर्ड कंपनीने ती 4 सप्टेंबर 1957 रोजी वाजतगाजत बाजारात आणली आणि 19 नोव्हेंबर 1959 रोजी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. जेमतेम सव्वादोन वर्षांचा संसार, आणि तोटा त्या काळच्या हिशेबात साधारण 25 कोटी डॉलरचा. ती का बुडाली असं विचारलं की जुन्या गाड्यांचे शौकीन हमखास तिच्या तोंडाकडे बोट दाखवतात. बाकीच्या गाड्यांची पुढची जाळी आडवी आणि रुंद. हिची मधोमध, उभी, लांबट. कोणी तिला घोड्याच्या गळ्यातलं जोखड म्हणालं, कोणी लिंबू चोखणारी ओल्ड्समोबिल, कोणी तर थेट संडासाच्या सीटवर गेलं.

मला हे कारण पटत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची गाडी नुसत्या तोंडामुळे बुडत नाही. एडसेलचे डिझायनर रॉय ब्राउन यांच्यापुढे काम होतं ते लांबून येतानाही पटकन ओळखू येईल अशी गाडी काढायचं. त्या वर्षांतल्या अमेरिकन गाड्या समोरून पाहिल्या तर सगळ्यांचे चेहरे एका साच्यातले वाटत. ब्राउन यांनी उभ्या जाळीची कल्पना काढली. युरोपातल्या जुन्या महागड्या गाड्यांमध्ये ती होतीच. सुरुवातीच्या रेखाटनांत ही जाळी चांगली सडपातळ होती. मग इंजिनाला हवा पुरणार नाही असं अभियंत्यांचं म्हणणं पडलं आणि ती फुगत गेली. तरीही सांगून ठेवतो, 1958 ची एडसेल आणि त्याच वर्षीची क्रोमने मढवलेली ब्यूइक शेजारी शेजारी उभी केली तर कुरूप कोणती याचा निकाल इतका सरळ लागणार नाही.

याच रॉय ब्राउन यांची बदली पुढे कंपनीने इंग्लंडमध्ये केली. बदली कसली, शिक्षाच. तिथे त्यांनी फोर्ड कॉर्टिना काढली. 1962 साली आलेली ही आटोपशीर गाडी इंग्रज मध्यमवर्गाने डोक्यावर घेतली आणि तिच्या पहिल्या अवताराचीच विक्री दहा लाखांवर गेली. माणूस तोच, हात तोच. बदलला होता तो वरून आलेला आदेश.

एडसेलचा आदेशच मुळात चुकला होता. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी 1920 च्या दशकात गाड्यांची एक शिडी उभी केली होती: खाली शेवरले, मग पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूइक आणि सर्वांत वर कॅडिलॅक. पगार वाढला की गिऱ्हाइकाने एक पायरी चढायची, पण घराबाहेर जायचं नाही. फोर्डकडे पायऱ्या तीनच, फोर्ड, मर्क्युरी आणि लिंकन. फोर्ड वापरणारा माणूस जरा सुस्थितीत आला की तो ब्यूइक घ्यायला निघून जाई. ही गळती थांबवायला मधली आणखी एक पायरी हवी, असा प्रस्ताव 1955 मध्ये मंजूर झाला. त्यामागे जॅक रीथ हा कंपनीतला हुशार, आक्रमक अधिकारी होता. 1955 साली गाड्या धो धो खपत होत्या, त्यामुळे तेव्हा त्यात कोणाला खोट दिसली नाही.

पण गाडी कागदावरून रस्त्यावर यायला दोन-अडीच वर्षं जातात. एडसेल आली त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेत मंदी सुरू झाली होती, आणि मंदीचा पहिला तडाखा बसला तो नेमका मधल्या किमतीच्या गाड्यांना. ब्यूइक, मर्क्युरी, डिसोटो, सगळ्यांचीच विक्री घसरली. डिसोटो तर 1960 च्या अखेरीस कायमची गेली. त्यात एडसेलच्या किमती खालून फोर्डच्या वरच्या गाड्यांना आणि वरून मर्क्युरीला जाऊन भिडत होत्या. म्हणजे पायरी दोन पायऱ्यांच्या मध्ये हवी होती, ती त्यांच्यावरच येऊन बसली. पहिल्या वर्षी मॉडेलं अठरा. एवढ्या प्रकारांना स्वतंत्र कारखाना मात्र एकही नाही. फोर्ड आणि मर्क्युरीच्या चालत्या रांगेत मध्येच एखादी एडसेल यायची. कामगाराचा हात बसलेला दुसऱ्या गाडीवर, सुटे भाग वेगळे, त्यामुळे कुठे काही लावायचं राहून जायचं, कुठे काही सैल बसायचं. गिअर बदलायची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध बसवली होती, जिथे माणसाचा हात सवयीने हॉर्नसाठी जातो. ही बटणं वरचेवर बिघडत.

नावाची गोष्ट तर विनोदीच. जाहिरात कंपनीने हजारो नावं सुचवली. मेरिअन मूर या नामवंत कवयित्रीलाही पत्र गेलं आणि तिने पाठवलेल्या नावांत 'यूटोपियन टर्टलटॉप' असंही एक होतं. शेवटी हेन्री फोर्ड दुसरे गैरहजर असलेल्या एका बैठकीत अध्यक्षस्थानी असलेल्या अर्नेस्ट ब्रीच यांनी ही सगळी यादी बाजूला सारली आणि हेन्रींच्या दिवंगत वडिलांचं, एडसेल फोर्ड यांचं, नाव देऊन टाकलं. घरच्यांना ते रुचलं नव्हतं. एडसेल फोर्ड यांची दृष्टी खरोखर चोखंदळ होती. 1939 ची लिंकन काँटिनेंटल ही देखणी गाडी त्यांच्याच आग्रहातून जन्मली. अशा माणसाचं नाव फजितीसाठी समानार्थी होऊन बसलं, याचं वाईट वाटतं.

आता दुसऱ्या माणसाकडे येऊ. रॉबर्ट मॅक्नमारा हे नाव आपल्याकडच्या वाचकाला माहीत असतं ते व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे संरक्षणमंत्री म्हणून, किंवा 1968 ते 1981 या काळातले जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून. त्याआधीची सुमारे पंधरा वर्षं त्यांनी फोर्डमध्ये काढली. शिक्षण अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचं, नोकरी हार्वर्डमध्ये हिशेबशास्त्र शिकवण्याची. महायुद्धात हवाई दलाच्या आकडेवारी खात्यात काम. युद्ध संपल्यावर त्या खात्यातल्या दहा जणांनी मिळून, अक्षरशः गठ्ठ्याने, स्वतःला फोर्डला देऊ केलं. साल 1946. तरुण हेन्री फोर्ड दुसरे यांच्या हाती नुकताच कारभार आला होता आणि कंपनीचे हिशेब इतके रामभरोसे होते, की एका खात्यात देणी किती ते बिलांच्या गठ्ठ्याच्या वजनावरून ठरवतात, असा किस्सा सांगितला जाई. हेन्रींनी दहाही जण घेतले. जॅक रीथ त्यांतलाच एक होता आणि मॅक्नमाराही.

भांग चापून बसवलेला, बिनफ्रेमचा चष्मा, रोजचं राहणं डेट्रॉइटच्या मोटारशेठांच्या वस्तीत नव्हे तर अॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात, प्राध्यापकांच्या शेजारी. गाड्यांवर प्रेम करणाऱ्या डेट्रॉइटला हा माणूस कधीच आपला वाटला नाही. त्याला गाडीतलं काय कळतं, हा तिथला कायमचा सूर. जुन्या अमेरिकन गाड्यांवर लिहिणारे बरेच जण आजही तीच री ओढतात: आधी चित्रकार आणि अभियंते होते तोवर गाड्या सुंदर होत्या, मग हिशेबनीस आले आणि सगळं सपक झालं. मॅक्नमारांनी प्रत्यक्ष काय निर्णय घेतले ते एकेक करून पाहिलं तर ही कथा टिकत नाही.

पहिला निर्णय थंडरबर्डचा. 1955 ची मूळ थंडरबर्ड दोन माणसांची, छोटी, नीटस. आज तिच्यासाठी संग्राहक जीव टाकतात. पहिल्या वर्षी ती 16,000 च्या वर खपली, शेवरलेची कॉर्व्हेट तेव्हा वर्षाला 700. तरीही मॅक्नमारांनी हिशेब मांडला: दोन सीटच्या गाडीला गिऱ्हाईक किती, आणि मागे आणखी दोन सीट टाकल्या तर किती? 1958 ची थंडरबर्ड चौघांची झाली. शुद्धतावाद्यांनी कपाळाला हात लावला. 1958 मध्ये जवळपास 38,000, पुढच्या वर्षी 67,000 आणि 1960 मध्ये 92,000 वर थंडरबर्ड विकल्या गेल्या. दोन सीटवाली तीन वर्षांत मिळून 53,000 च्या आसपास गेली होती. सौंदर्याच्या बाजूने मी 1955 च्या गाडीलाच मत देईन, त्यात शंका नाही. पण दोघांची खेळण्यासारखी गाडी आणि कुटुंबाची अवाढव्य गाडी यांच्यामध्ये एक नवीच जात त्या निर्णयाने तयार झाली, बसायला आटोपशीर, दिसायला ऐटबाज, किमतीला भारी. पुढची वीस वर्षं सगळ्या कंपन्या या जातीच्या गाड्या काढत होत्या.

दुसरा निर्णय फसला, पण तो त्यांच्या बाजूने बोलतो. 1956 च्या फोर्ड गाड्यांत त्यांनी अपघातात छातीवर आदळून जीव घेणार नाही असं खोलगट स्टिअरिंग आणि धक्क्याने न उघडणारी दारांची कुलपं सरसकट बसवली. जादा पैसे दिले तर सीटबेल्ट आणि डॅशबोर्डवर गादीही मिळे. जाहिराती सुरक्षिततेच्या केल्या. त्या वर्षी शेवरलेने फोर्डला मागे टाकलं आणि डेट्रॉइटने त्यातून एक धडा घेतला, की सुरक्षितता खपत नाही. हा धडा त्यांनी दहा वर्षं घोकला आणि तो किती महाग पडला ते पुढे येईलच.

आता थोडं आडवळण घेऊन जनरल मोटर्सच्या अंगणात डोकावू, कारण मॅक्नमारांच्या तिसऱ्या निर्णयाची, लिंकनची, गोष्ट त्याशिवाय समजत नाही. अमेरिकन गाडीला 'रूप' देणारं खातं पहिल्यांदा तिथे निघालं. स्लोन यांनी 1927 मध्ये हार्ली अर्ल यांना कॅलिफोर्नियातून आणवलं. अर्ल हॉलीवूडचे, वडिलांचा घोडागाड्या आणि मग मोटारींच्या बॉडी बांधायचा कारखाना होता आणि सिनेनटांसाठी खास गाड्या बनवण्यात त्यांचा हात तयार झाला होता. गाडीचा पूर्ण आकार आधी मातीत घडवून पाहायचा, ही पद्धत डेट्रॉइटमध्ये रुजली ती त्यांच्यामुळे. स्लोन यांना हवं होतं ते वेगळंच: दरवर्षी गाडीचं रूप इतकं बदलायचं, की गेल्या वर्षीची गाडी चांगली चालत असूनही मालकाला ती जुनाट वाटावी. इंजिन आणि चासी दरवर्षी बदलणं परवडत नाही. पत्रा आणि क्रोम बदलता येतो. टेलफिनचा, म्हणजे गाडीच्या मागच्या पंखांचा, सगळा इतिहास या एका व्यापारी गरजेत दडलेला आहे. 1948 च्या कॅडिलॅकला महायुद्धातल्या पी-38 या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून सुचलेले छोटेसे पंख लावले. मग दरवर्षी पंख थोडे वाढणं आलंच. न वाढवले तर नवीन गाडी कशी विकायची?

वाढवता वाढवता 1956 चा ऑगस्ट आला. जनरल मोटर्सच्या चक जॉर्डन या तरुण डिझायनरने जेवणाच्या सुट्टीत क्रायस्लरच्या कारखान्याकडे गाडी वळवली आणि कुंपणापलीकडे ओळीने उभ्या असलेल्या नव्या, 1957 च्या गाड्या पाहिल्या. व्हर्जिल एक्स्नर यांनी काढलेल्या त्या गाड्या बुटक्या, पातळ छताच्या, तीरासारख्या लांब पंखांच्या होत्या. आपल्या स्टुडिओत मातीत घडत असलेल्या गाड्या त्यांच्यापुढे गलेलठ्ठ वाटू लागल्या. जॉर्डनने परत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं, तेही पाहून आले. अर्ल तेव्हा युरोपात होते. ते येईपर्यंत हाताखालच्या मंडळींनी जुनी रेखाटनं बाजूला सारून नव्याने कामाला सुरुवात केली होती. एका कुंपणातून डोकावल्यामुळे जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने आपला सगळा बेत बदलला, आणि त्यातून 1959 ची कॅडिलॅक निघाली: छातीएवढे पंख आणि त्यांत बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन दोन लाल दिवे. क्रायस्लरच्या त्या सुंदर गाड्यांचं काय झालं? घाईघाईने बाजारात आणल्यामुळे त्या गळू लागल्या, गंजू लागल्या आणि कंपनीची अब्रू गेली. एक्स्नर यांच्या रेषांचा त्यात दोष नव्हता. तयारीला दिलेला वेळच तोकडा होता.

आपल्या डोळ्यांपुढची अमेरिकन गाडी मात्र याच पंखवाल्या पिढीच्या आधीची आणि नंतरची, अशी तुटक आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत असे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने क्रायस्लरशी करार करून 1947 पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि डिसोटो काढल्या. नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथेच उत्पादन करावं नाहीतर जावं, असं सरकारने ठरवल्यावर 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोन्ही निघून गेल्या. त्यामुळे एडसेलचा आणि नंतरच्या गाड्यांचा सगळा तमाशा आपल्यापर्यंत आला तो मासिकांतून. रस्त्यावर दिसल्या त्या एखाददुसऱ्या वकिलातीच्या, संस्थानिकांच्या किंवा सिनेमावाल्यांच्या इंपाला.

तर या पंखांच्या धुमाळीत फोर्डने 1958 ची लिंकन काढली होती. एकोणीस फुटांहून लांब, तिरप्या दिव्यांची, अंगभर वळ्या पडलेली. मोठ्यात मोठी गाडी काढली की कॅडिलॅकला हरवता येईल, एवढाच तिच्यामागचा विचार. तीन वर्षांत लिंकन खात्याने कोट्यवधी डॉलर घालवले आणि मॅक्नमारा लिंकनच बंद करायच्या विचारात आले. त्याच सुमारास ते स्टुडिओत फिरत असताना एल्वुड एंगेल यांनी 1961 च्या थंडरबर्डसाठी केलेला एक नमुना त्यांच्या नजरेस पडला. सपाट, स्वच्छ कडा, वरच्या कडेने पुढून मागे धावणारी क्रोमची एकच बारीक पट्टी, बाकी काही नाही. थंडरबर्डसाठी दुसराच नमुना पसंत होत होता. मॅक्नमारांनी विचारलं, याला चार दारं करून लिंकन करता येईल का?

1961 ची लिंकन काँटिनेंटल अशी वाचली. ती आधीच्या गाडीपेक्षा सव्वा फुटाने आखूड होती. चाकांमधलं अंतर कमी झाल्याने मागच्या सीटवरून उतरताना पाय दाराला अडू लागले, म्हणून मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला नेल्या. आज त्या दारांवर लोक फिदा असतात, पण ती सोय आधी आणि ऐट नंतर. शिवाय मॅक्नमारांनी दोन अटी घातल्या. एक, दरवर्षी रूप बदलायचं नाही. एक चांगला आकार पकडला की तो सुधारत राहायचं. दोन, प्रत्येक गाडी कारखान्याबाहेर पडण्याआधी रस्त्यावर चालवून पाहायची आणि 24 महिने किंवा 24,000 मैलांची हमी द्यायची, जी त्या काळी कोणी देत नव्हतं. स्लोन यांच्या वर्षागणिक बदलाच्या धोरणाला डेट्रॉइटच्या आतून मिळालेलं हे सणसणीत उत्तर होतं. ते देणारा माणूस सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक नव्हता. दरवर्षी नवे साचे पाडायला किती खर्च येतो आणि वर्षभरात जुनाट दिसणाऱ्या गाडीची किंमत सेकंडहँड बाजारात किती पडते, हे त्याला ठाऊक होतं. काटकसरीने इथे सौंदर्याचं काम केलं. तो आकार 1969 पर्यंत मूळ धरून राहिला. केनेडींच्या ताफ्यातली उघडी गाडीही 1961 ची काँटिनेंटलच, डल्लासमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा ते तीतच बसले होते.

मॅक्नमारांची सर्वांत लाडकी गाडी मात्र फाल्कन. ती कशी असावी याचे आकडे, म्हणजे वजन किती, किंमत किती, त्यांनी चर्चमध्ये बसून प्रार्थनेच्या पत्रकाच्या पाठीवर लिहून काढले, असं सांगतात. खरं असो-नसो, गाडी तशीच होती. पुढे सहा सिलिंडरचं साधं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, सहा माणसं बसतील एवढी जागा, आणि कुठल्याही मेकॅनिकला पाहताक्षणी कळेल अशी रचना. फाल्कन आली त्याच शरद ऋतूत, 1959 मध्ये, शेवरलेने कॉर्व्हेअर आणली. तिच्यात सगळंच धाडसी. हवेने थंड होणारं अॅल्युमिनियमचं इंजिन मागे, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. तिचे कर्ते एड कोल हे अस्सल अभियंते, गाडीवेडे. गाडी दिसायलाही फाल्कनपेक्षा कितीतरी पटीने देखणी. पहिल्या हंगामात कॉर्व्हेअर अडीच लाख खपली आणि फाल्कन चार लाखांच्या वर. शेवरलेने हबकून दीड वर्षात फाल्कनच्याच वळणाची साधी शेवी टू तयार केली.

कॉर्व्हेअरचं मागचं सस्पेन्शन वळणावर दगा देऊ शकत होतं. पुढच्या बाजूला अँटी-रोल बार बसवला असता तर स्वभाव बराच सुधारला असता. पैसे वाचवायला तो गाळला होता. 1965 मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने गाड्यांच्या धोक्यांवर पुस्तक लिहिलं आणि पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरवर घातलं. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले, ते उघडकीला आलं, कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला. मॅक्नमारांनी दहा वर्षांपूर्वी जे आपणहून द्यायचा प्रयत्न केला होता, ते आता कायद्याने द्यावं लागलं.

नोव्हेंबर 1960 मध्ये मॅक्नमारा फोर्डचे अध्यक्ष झाले आणि पाच आठवड्यांतच केनेडींनी बोलावल्यावर वॉशिंग्टनला गेले. (1964 च्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांनी एडसेलचं खापरही त्यांच्यावर फोडलं. तिचा बेत आखणाऱ्यांत ते नव्हते. ती गुंडाळणाऱ्यांत होते.) जाताना ते एक काम अर्धवट ठेवून गेले. कार्डिनल नावाची, पुढच्या चाकांना ताकद देणारी, फाल्कनहूनही छोटी गाडी ते तयार करवत होते. फोर्ड विभागाची सूत्रं ली आयकोका यांच्याकडे आली होती. आयकोका विक्रीतले; फिलाडेल्फियात असताना 1956 ची फोर्ड महिना 56 डॉलरच्या हप्त्याने विकायची त्यांची युक्ती मॅक्नमारांनीच देशभर नेली होती. आयकोकांनी कार्डिनल पाहिली, ही अमेरिकेत विकली जाणार नाही म्हणाले, आणि झालेला खर्च सोडून ती जर्मनीला धाडली. तिथे ती टाउनस 12 एम म्हणून निघाली. तिचं चार सिलिंडरचं व्ही-फोर इंजिन पुढे स्वीडनच्या साबनेही वापरलं.

कार्डिनलऐवजी आयकोकांना हवी होती तरुणांची गाडी. लांब बॉनेट, आखूड डिकी, आणि किंमत 2,500 डॉलरच्या आत. नवी गाडी मुळापासून करायची तर खर्च 30-40 कोटी डॉलरवर जातो. त्यांच्याकडे त्याचा पाव हिस्सासुद्धा नव्हता. मग फाल्कनचा तळ घेतला, फाल्कनचं सस्पेन्शन घेतलं, फाल्कनचं सहा सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि वर जो ओरोस, डेव्ह अॅश आणि गेल हॅल्डरमन यांनी घडवलेला देखणा पत्रा चढवला. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली, किंमत 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी 22,000 जणांनी मागणी नोंदवली. आयकोकांनी वर्षभराचं लक्ष्य ठरवलं ते फाल्कनचा विक्रम मोडायचं: 4,17,174. मस्टँग बारा महिन्यांत 4,18,812 खपली. फाल्कनचा हा विक्रम मोडणारी गाडी फाल्कनच्याच अंगावर उभी होती, हे मस्टँगप्रेमींना आठवण करून दिलेलं फारसं आवडत नाही.

मॅक्नमारा निर्दोष होते असा माझा दावा नाही. कारखान्यातलं काम कसं चालतं हे त्यांना आकड्यांतूनच कळे. नव्या गाड्या रंगाच्या भट्टीत मावत नाहीत असं कळल्यावर त्यांनी चासी दोन तुकड्यांत करून नंतर जोडा असं सुचवलं, हा किस्सा अभियंते वर्षानुवर्षं चघळत. त्यांनी वाढवलेलं अर्थखातं पुढे इतकं शिरजोर झालं की कारखान्यातल्या माणसाला नवं यंत्र मागायलाही दहा कागद रंगवावे लागत. त्याची फळं फोर्डने भोगली.

पण हिशेबी वृत्तीचा सर्वांत बदनाम नमुना म्हणून जिचं नाव घेतात ती पिंटो मॅक्नमारांची नव्हती. 2,000 पौंडांहून कमी वजन आणि 2,000 डॉलरहून कमी किंमत, ही तिची दोन टोकं आयकोकांनी आखून दिली होती, आणि 1971 ची गाडी म्हणून तिला नेहमीपेक्षा खूपच कमी वेळात बाजारात आणलं. पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या मागे, बंपरच्या जवळ होती; मागून धडक बसली की फुटून पेट घ्यायची भीती. जून 1978 मध्ये फोर्डने 15 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पुढच्याच महिन्यात हेन्री फोर्ड दुसरे यांनी आयकोकांना काढून टाकलं. दोघांचं फाटलं होतं ते त्याच्या कितीतरी आधीपासून.

आयकोका गेले ते दिवाळखोरीच्या काठावरच्या क्रायस्लरकडे. तिथे सरकारच्या हमीवर दीड अब्ज डॉलरपर्यंतचं कर्ज उचलायची सोय त्यांनी करून घेतली. कंपनीला तगवलं ते 1981 च्या के-कारने, म्हणजे डॉज एरीज आणि प्लिमथ रिलायंट या जोडगोळीने. या गाड्या चौकोनी, साध्या, सहा माणसं बसवणाऱ्या, पेट्रोल कमी खाणाऱ्या आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. त्यांच्याच जोरावर आयकोकांनी 1983 मध्ये सगळं कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं.